हायड्रोजनला प्रवास सोसत नाही

लोहखनिजाची भाजलेली गोळी, साधारण खेळायच्या गोटीएवढी. उत्तर स्वीडनमधल्या लुलेओ गावातल्या प्रायोगिक भट्टीत ती वरून पडते आणि खालून तापलेला हायड्रोजन तिच्यातून वर चढतो. बाहेर येते तेव्हा आकार जवळपास तोच, पण वजन सुमारे 30 टक्क्यांनी उतरलेलं. तेवढा ऑक्सिजन हायड्रोजनने ओढून नेला. जिथे तो होता तिथे बारीक छिद्रं उरली, म्हणून नाव स्पंज आयर्न. भट्टीतून निघते ती पाण्याची वाफ.

नेहमीच्या झोतभट्टीत हेच काम कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, करतो. तिथे टनभर पोलादामागे जवळपास 2 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

एसएसएबी ही पोलादवाली, एलकेएबी खाणवाली आणि वाटेनफाल वीजवाली. तिघींनी 2016 मध्ये या ‘हायब्रिट’ प्रकल्पाची सुरुवात केली. भट्टी 2020 मध्ये पेटली आणि पुढच्याच वर्षी तिच्या लोखंडाचं पोलाद व्होल्वोच्या हातात पडलं. मला यातलं रसायन तितकं नवलाचं वाटत नाही. नवल शेजाराचं आहे. त्याच मुलखातल्या खाणींचं खनिज रेल्वेने लुलेओला उतरतं, लुले नदीवर जलविद्युत केंद्रांची रांग आहे आणि पोलादाचा कारखाना गावातच. हायड्रोजन तिथेच विजेने पाण्यातून काढतात, बाहेरून आणायचा प्रश्नच नाही.

हे बरंच आहे, कारण त्याला प्रवास सोसत नाही. नेहमीच्या दाबाला एक किलो हायड्रोजन सुमारे 12 घनमीटर जागा अडवतो, म्हणजे एक लहानशी खोली. द्रव करायचा तर उणे 253 अंशांपर्यंत थंड करा. शिवाय काही जातींच्या पोलादात शिरून तो त्यांना ठिसूळ करतो. बातम्या मात्र हायड्रोजनच्या बसच्या येतात. बस बॅटरीवरही धावते हो! गोळीतला ऑक्सिजन काही बॅटरी काढत नाही.

साठवणही तिथेच. 2022 मध्ये लुलेओत जमिनीखाली 30 मीटरवर, खडकात, पोलादी अस्तराची 100 घनमीटरची गुहा वापरात आली. दाब 250 बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे 250 पट. माझा ढोबळ हिशेब: त्यात पावणेदोन टनांच्या आसपास हायड्रोजन मावेल. टनभर लोखंडाला 54 किलो लागतो, म्हणजे अख्खी गुहा रिकामी केली तरी तीसेक टन लोखंड.

आणि वीज? पाण्यातून एवढा हायड्रोजन काढायला टनभर लोखंडामागे सुमारे 3,000 युनिट. महिन्याला 100 युनिट जाळणाऱ्या घराची अडीच वर्षं.

असा शेजार आपल्याकडे रायगडात अर्धामुर्धा आहे. धरमतर खाडीकाठी डोलवीला नैसर्गिक वायूवर स्पंज आयर्न बनतं. त्या वायूपासून केलेल्या मिश्रणात हायड्रोजन असतोच, त्याचं प्रमाण वाढवता येतं. त्याच जिल्ह्यात थळला खतासाठी अमोनिया होतो, त्यालाही हायड्रोजन लागतो आणि तोही नैसर्गिक वायूतूनच काढतात. गिऱ्हाईक तयार, बंदर जवळ. नाही ती लुले नदी. कोयनेची 1,960 मेगावॉट क्षमता आहे खरी, पण तिचं पाणी पश्चिमेला किती सोडायचं याला कृष्णा लवादाची मर्यादा आहे. म्हणजे भिस्त मुख्यतः सूर्यावर, आणि भट्टी तर रात्रीही चालते.