बिनतारी मायक्रोकंट्रोलरसाठी बॅटरीची निवड

वाय-फाय किंवा ब्लूटूथ असलेल्या मायक्रोकंट्रोलरचे (एकाच चिपवरील छोट्या संगणकाचे) छोटे उपकरण (खोलीचे तापमान, मातीतील ओल, दाराची उघडझाप टिपणारे) महिनोन् महिने चालावे म्हणून सेल, रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) व कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) यांची सांगड घालण्याची पद्धती. सेलवर छापलेली क्षमता ही त्यातील शेवटची बाब होय. सेल क्षणभर किती करंट देऊ शकतो आणि सर्किट झोपेत किती खाते, हे आधी पाहावे लागते.

भार : ईएसपी३२ या वाय-फाय चिपला साधारण ३ ते ३.६ व्होल्ट लागतात. वाय-फायवर प्रक्षेपण करताना ती सु. २४० मिलिअँपिअर घेते, आणि उत्पादक ५०० मिलिअँपिअर देऊ शकणारा पुरवठा सुचवितो; गाढ झोपेत तिला सु. १० मायक्रोअँपिअर पुरतात. तयार डेव्हलपमेंट बोर्डावर मात्र हा आकडा सहसा मिळत नाही. त्यावरील एएमएस१११७ रेग्युलेटर एकटाच सु. ५ मिलिअँपिअर खातो. शिवाय यूएसबीची चिप व सतत पेटलेला एलईडी असतोच. दर १५ मिनिटांनी ५ सेकंद जागा होऊन सरासरी ८० मिलिअँपिअर घेणारा नोड (असे एक उपकरण) जागेपणी दिवसाला सु. १०.७ मिलिअँपिअर-तास खर्चतो. झोपेत २० मायक्रोअँपिअर जात असतील, तर २,००० मिलिअँपिअर-तासांचा लिथियम सेल, ८० टक्के उपयोग धरून, सु. १४० दिवस पुरतो. झोपेत ५ मिलिअँपिअर गळत असतील, तर तोच सेल १२ दिवसांत संपतो.

बटण सेल : सीआर२०३२ या नावातील ‘सी’ म्हणजे लिथियम–मँगॅनीज डायऑक्साइड रसायन, ‘आर’ म्हणजे गोल आकार, पुढे २० मिमी. व्यास व ३.२ मिमी. जाडी. क्षमता सु. २२० ते २४० मिलिअँपिअर-तास; पण हे मोजमाप सु. ०.२ मिलिअँपिअर इतक्या सौम्य भारावरचे असते. या सेलचे आयुष्य सरासरी करंट ठरवितो की शिखर करंट (क्षणभराचा सर्वाधिक करंट), याविषयी मतभेद आहेत. सरासरीचा पक्ष मानणारे क्षमतेला सरासरीने भागून वर्षे काढतात. शिखराचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो, कारण सेलचा अंतर्गत रोध वापराबरोबर व थंडीत वाढत जातो. तो ४० ओहमांवर पोचला की १५ मिलिअँपिअरच्या झटक्याने ०.६ व्होल्ट गळतात आणि २.७ व्होल्टचा सेल क्षणभर २.१ वर येतो. २.५ व्होल्टखाली बंद पडणाऱ्या चिपच्या लेखी तो सेल मेलेला असतो, १.७ व्होल्टपर्यंत चालणारी एनआरएफ५२८३२ ही ब्लूटूथ चिप त्यावर आणखी बराच काळ चालते. दोन्ही पक्षांच्या आकड्यांतील तफावत बरीचशी या खालच्या मर्यादेमुळे पडते.

झटका झेलण्यासाठी सेलला समांतर कपॅसिटर जोडतात. करंट गुणिले काळ, भागिले चालेल इतकी घट, असा त्याचा हिशेब आहे : १५ मिलिअँपिअर, २ मिलिसेकंद व ०.३ व्होल्ट यांसाठी १०० मायक्रोफॅरड. सिरॅमिक कपॅसिटरची धारिता व्होल्टेज लागताच कमी होते, म्हणून छापील आकडा दुप्पट घेणे बरे. कपॅसिटरची गळतीही पाहावी. ५ मायक्रोअँपिअर गळती वर्षाला सु. ४४ मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलचा पाचवा हिस्सा, खाते. हुबेहूब तसाच दिसणारा एलआयआर२०३२ रिचार्जेबल असून भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो, ३.६ व्होल्टची चिप त्यावर थेट जोडल्यास जळू शकते. उलट सीआर२०३२ कधीही चार्ज करू नये.

पेन्सिल सेल : दोन अल्कलाइन सेल ब्लूटूथच्या चिपला उत्तम. ईएसपी३२ला ते थेट जोडले, तर बहुतेक ताकद शिल्लक असतानाच व्होल्टेज ३ च्या खाली जाते. साधे झिंक-कार्बन सेल वाय-फायच्या झटक्यापुढे टिकत नाहीत.

लिथियम-आयन : हा सेल ४.२ पासून ३ व्होल्टपर्यंत उतरतो. एएमएस१११७ला आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या व्होल्टेजमध्ये सु. १.१ व्होल्टचा फरक लागत असल्याने त्याची जोडी येथे जमत नाही. एमसीपी१७०० हा रेग्युलेटर स्वतः केवळ १.६ मायक्रोअँपिअर घेतो, पण त्याची मर्यादा २५० मिलिअँपिअर आहे; ईएसपी३२साठी ५०० मिलिअँपिअरचा एचटी७८३३ योग्य. टीपी४०५६ चार्जर मॉड्यूल १.२ किलोओहमच्या रोधामुळे १ अँपिअर सोडते. ५०० मिलिअँपिअर-तासांच्या छोट्या सेलसाठी तेथे ५ किलोओहम बसवून करंट सु. २५० मिलिअँपिअरवर आणावा. सेलच्या कनेक्टरची धन-ऋण बाजू उत्पादकागणिक बदलते. जोडण्यापूर्वी मल्टिमीटर लावणे अनिवार्य.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल (३.२ व्होल्ट) ईएसपी३२ला रेग्युलेटरविना चालतो, मात्र त्याला टीपी४०५६ लावू नये, आणि पूर्ण भरताना तो ३.६५ व्होल्टवर जात असल्याने चार्जिंगच्या वेळी चिप वेगळी ठेवावी.

व्होल्टेजची मोजणी : १०० किलोओहमचे दोन रोध जोडून सेलवर नजर ठेवली, तर ४.२ व्होल्टला २१ मायक्रोअँपिअर अखंड वाहतात, म्हणजे झोपलेल्या चिपच्या दुप्पट. त्याऐवजी १ मेगओहमचे दोन रोध घेऊन मोजणीच्या पिनवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यावा. वाचन रेडिओ चालू असतानाच घ्यावे. भार नसताना थकलेला सेलही ताजा दिसतो.