हरणांच्या शिकारीचे प्रारंभीचे छायाचित्रण, स्कॉटलंड

स्कॉटलंडच्या हायलँड्स भागातील जहागिरींवर शिकार झालेल्या लाल हरणांची एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घेतलेली छायाचित्रे. यातले ठळक नाव होरेशिओ रॉस (१८०१–८६) यांचे. नामांकित नेमबाज आणि काही वर्षे ब्रिटिश संसदेचे सदस्य असलेले रॉस १८५६ साली स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ स्कॉटलंडच्या संस्थापकांपैकी होते. १८४० च्या दशकात ते डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरची छायाचित्रे, काढत. इंग्रज संशोधक टॅल्बट यांचे कॅलोटाइपचे, म्हणजे कागदी निगेटिव्हच्या तंत्राचे, पेटंट स्कॉटलंडला लागू नसल्याने हे तंत्रही तिथल्या हौशी मंडळींना मोकळेपणाने वापरता आले.

१८५१ नंतर ओल्या कलोडियनचे तंत्र आले. काचेवर कलोडियन हे चिकट रासायनिक द्रावण पसरायचे, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच अंधाऱ्या तंबूत डेव्हलप करायची. वाळली की काच वाया. प्रकाश द्यायलाही काही सेकंद लागत. वाऱ्यावर माणसाचा वास येताच उधळणारे रानटी हरीण या खटाटोपासाठी थांबणे शक्यच नव्हते, म्हणून कॅमेऱ्यासमोर आले ते मेलेले. रॉस यांच्या 'डेड स्टॅग इन अ स्लिंग' या छायाचित्रात तर नराचे धूड दोरांवर तोलून धरलेले आहे. कलोडियनला निळा रंग दिसतो, तांबडा जवळजवळ नाही. त्यामुळे अशा चित्रांत लालसर तपकिरी अंग काळपट उमटते, आकाश पांढरेफटक राहते.

शिंगांची प्रतिष्ठा फाट्यांवर ठरे. बारा फाट्यांच्या नराला 'रॉयल' म्हणत. भिंतीवरच्या मढवलेल्या डोक्यातून एवढेच कळते. छायाचित्राचे मोल त्याहून मोठे आहे, कारण त्यात अख्खे जनावर राहिले, आणि कधी कधी त्याच्याशेजारी गिलीही, म्हणजे दुर्बीण घेऊन माग काढणारा, डोंगरावरच कोथळा काढून धूड तट्टूवर लादणारा चाकर. मालकाच्या शिकारीतले त्याचे श्रम एरवी कुठे दिसणार?

१८५२ साली हायलँड्समधली बॅल्मोरल ही जहागीर ब्रिटिश राजघराण्याकडे आली आणि या छंदाला दरबारी वलय लाभले. शिकारीच्या या मुलखाला 'डीअर फॉरेस्ट' म्हणत असले तरी तिथे झाडे बहुधा नसतच. पुष्कळ ठिकाणी आधी कुळांना हुसकावून मेंढ्या आणल्या गेल्या, आणि नंतर मेंढ्याही हटवून तेच डोंगर हरणांसाठी राखले गेले.