डभोई स्थानक : मूळ रूपाची पुनर्रचना

जुन्या रेल्वे स्थानकात मागाहून झालेले फेरफार ओळखून, ते वगळून, एखाद्या ठरावीक वर्षी ते कसे दिसत असावे हे कागदावर, प्रतिकृतीत किंवा प्रत्यक्ष बांधकामात उभे करणे म्हणजे मूळ रूपाची पुनर्रचना. बडोद्याच्या आग्नेयेस असलेल्या डभोईत मात्र ‘कसे होते’ याआधी ‘केव्हाचे’ हे ठरवावे लागते.

खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकिर्दीत १८६२ साली डभोई-मियागाम मार्ग सुरू झाला. २ फूट ६ इंच (७६२ मिमी) रुंदीच्या या रुळांवरून डबे ओढत ते बैल. १८६३ मध्ये ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिने आणून पाहिली. पण रूळ दर यार्ड (तीन फूट) लांबीला जेमतेम १३ पौंड वजनाचे, त्यांना तो भार झेपेना. १८७३ मध्ये अधिक वजनदार रूळ टाकले आणि इंजिने नियमित धावू लागली ती १८८० पासून. जुने स्थानक म्हटले की चित्रकाराचा हात पाण्याच्या टाकीकडे, कोळशाच्या ढिगाकडे, काळवंडलेल्या छपराकडे आपसूक वळतो. १८६२च्या डभोईत यातले काही बसत नाही. तिथे हवी दावण, वैरण, पाण्याचा हौद आणि बैल जुंपा-सोडायला मोकळी जागा. अर्थात ही गरजेवरून बांधलेली अटकळ. आराखड्यात ती तुटक रेषेनेच दाखवावी.

इमारतीवरच्या खुणा जपून वाचाव्या लागतात. चौकटीवर नाण्याएवढी जागा नस्तराने थर-थर खरवडली की रंगांची उतरंड दिसते; अगदी तळचा रंग लाकडाच्या रेषांत मुरलेला असतो. तो मूळचाच असेल असे मात्र नाही. मधे कुणी जुना रंग जाळून काढलेला असतो, कधी चौकटच नवी असते. कुंपणाला रोवलेल्या रुळाच्या तुकड्यावर कारखान्याचे नाव आणि साल उठवलेले सापडते. त्यावरून कुंपण त्या सालाआधीचे नाही, एवढेच सिद्ध होते.

संस्थानी दप्तरातले मोडी कागद वाचता येणाऱ्याला कौले, चुना, सुतारांची मजुरी अशा नोंदींचा माग काढता येतो. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांतले अल्बमही पाहावेत : फोटो काढलेला असतो पाहुण्यांचा, कामाची असते त्यांच्या मागची भिंत. फोटोत रूळ दिसत असतील तर त्यांच्यातले ७६२ मिमी हीच मोजपट्टी. फक्त रूळ आणि भिंत कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर नसतील तेवढी दुरुस्ती करावी लागते, नाहीतर दरवाजा हातभर ठेंगणा निघतो.

जीर्णोद्धार तर्क सुरू होतो तिथे थांबावा, असे जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीची १९६४ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद सांगते. गावात हिरा भागोळीसारखा नक्षीदार दरवाजा उभा असल्यावर त्याची वेलबुट्टी स्थानकावर चढवण्याचा मोह साहजिक आहे. नव्या इमारतीला ती शोभेलही. पुनर्रचनेत ती खोटी साक्ष ठरते.

डभोई-चांदोद मार्ग ब्रॉडगेज झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये डभोईच्या नव्या स्थानक-इमारतीचे उद्घाटन झाले. ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिमी. आज फलाटावर उभे राहून, समोरच्या रुळांच्या अंदाजाने जुना फोटो मोजायला गेल्यास खंडेरावांच्या काळातले स्थानक दुपटीहून मोठे निघेल.