विसराळू वेब आणि चपलांचा बिल्ला

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेब उभं केलं तेव्हा एचटीटीपीचा, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या बोलण्याच्या नियमांचा, व्यवहार अगदी साधा होता. ब्राउझरने पान मागायचं, सर्व्हरने ते द्यायचं आणि मागणाऱ्याला विसरून जायचं. संशोधकांना एकमेकांचे कागद वाचायला एवढं पुरेसं होतं. शिवाय विसरण्यात सोय होती. कोणाचा हिशेब ठेवायचा नसल्यामुळे कुठल्याही सर्व्हरने कुठलीही विनंती निस्तरली तरी चालत असे.

वेबवर दुकानं थाटायची वेळ आली आणि हे विसरणं नडलं. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीला एमसीआय या टेलिफोन कंपनीसाठी ऑनलाइन खरेदीची सोय करायची होती. अर्धवट राहिलेल्या खरेदीची माहिती आपल्या सर्व्हरवर साठवायला एमसीआय तयार नव्हती. मग नेटस्केपच्या लू माँटुली यांनी ती आठवण खरेदी करणाऱ्याच्याच ब्राउझरकडे ठेवायला दिली. युनिक्स ही संगणक प्रणाली वापरणारे अशा खुणेच्या तुकड्याला आधीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत. तिथूनच ‘कुकी’ हे नाव आलं. आपल्याकडे देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो, तसलाच हा प्रकार. त्यावरच्या आकड्याला आपल्या लेखी काही अर्थ नसतो. तो अर्थ स्टँडवाल्याला ठाऊक.

बिल्ला चालला, पण स्टँड वाढले की घोळ होतो. एका सर्व्हरने दिलेला बिल्ला दुसऱ्याला ओळखता येत नाही. त्यामुळे एक तर ग्राहकाला दर वेळी त्याच सर्व्हरकडे पाठवायचं, नाहीतर सगळ्यांनी मिळून एकच वही ठेवायची. संगणकतज्ज्ञ रॉय फील्डिंग यांनी २००० सालच्या प्रबंधात वेबवरच्या सेवा बांधण्याची ‘रेस्ट’ ही रचना मांडली. सर्व्हरने दोन विनंत्यांच्या मध्ये ग्राहकाची कसलीही आठवण ठेवू नये, ही तिची एक अट. कुकीवर त्यांनी त्याच प्रबंधात सडकून टीका केली आहे. पुढे २०१५ मध्ये जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन) हा नव्या तऱ्हेचा बिल्ला प्रमाणित झाला. यात मजकूर बिल्ल्यावरच लिहिलेला, खाली डिजिटल सही. वही उघडायचं कामच नाही. मात्र असा बिल्ला चोरीला गेला तर मुदत संपेपर्यंत तो रद्द करणं अवघड, आणि त्यासाठी यादी ठेवायची म्हटलं की वही परत आलीच!

जाहिरातदारांनी मात्र या बिल्ल्याचं भलतंच केलं. एकाच कंपनीची जाहिरात शंभर साइटांवर असेल, तर तिची कुकी माणसाचा शंभर ठिकाणी माग काढू शकते. फेब्रुवारी १९९७ च्या आरएफसी २१०९ या इंटरनेटच्या मानकाने अशा परक्या कुकींना मुळातच मज्जाव करावा असं सांगितलं होतं. त्याच्या दोन लेखकांपैकी एक खुद्द माँटुली. तरी नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर, दोघांनीही ते मानलं नाही. सफारीने परक्या कुकी पूर्ण बंद केल्या त्या मार्च २०२० मध्ये. क्रोमसाठी गुगलने त्याच वर्षी दोन वर्षांचा वायदा केला, मग तारखांमागून तारखा दिल्या, आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला.