आयर्विनचा आकडा आणि उतारवयातील स्मृती

पावसाळ्यात कृष्णा फुगू लागली की सांगलीत एकच प्रश्न घरोघरी विचारला जातो : ‘आयर्विनला पाणी किती फुटांवर?’ १९२९ साली खुल्या झालेल्या कृष्णेवरच्या या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी धरतात. गावभागातील सत्तरी ओलांडलेली आजी हा आकडा ऐकते, कोयनेतून विसर्ग वाढवला आहे का आणि दत्तनगरात पाणी शिरले का एवढेच विचारते, आणि धान्याचे डबे माळ्यावर चढवायचे की नाही हे ठरवून मोकळी होते. त्याच आजीला सकाळची गोळी घेतली की नाही, हे मात्र दुपारी आठवत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात, हे समजायला मानसशास्त्राला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

स्मृतीचे प्रायोगिक मोजमाप जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस यांनी सुरू केले. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात त्यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून ते किती वेगाने विसरले जातात हे पाहिले. अर्थ मुद्दाम वगळल्यामुळे मोजणी नेमकी झाली; पण माणूस रोज जे लक्षात ठेवतो ते सहसा निरर्थक नसते, आणि वृद्धांच्या स्मृतीकडे पुढे बराच काळ केवळ ऱ्हास म्हणून पाहिले गेले, त्याचे एक कारण मला या पद्धतीत दिसते.

केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली वेगळी दिशा दाखवली. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना पुन्हा सांगायला लावली, तेव्हा कथेतील अनोळखी तपशील गळाले किंवा वाचकांच्या ओळखीच्या गोष्टींत बदलले. सीलच्या शिकारीची साधी मासेमारी झाली. पूर्वानुभवातून तयार झालेल्या मनातल्या आराखड्याला त्यांनी ‘स्कीमा’ म्हटले. आठवणे म्हणजे साठवलेले जसेच्या तसे बाहेर काढणे नव्हे, तर त्या आराखड्याच्या आधाराने नव्याने रचणे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९७२ साली एंडेल टुल्व्हिंग यांनी प्रसंगांची स्मृती आणि अर्थाची, म्हणजे जगाविषयीच्या ज्ञानाची स्मृती यांत भेद केला. वयानुसार पहिली लवकर क्षीण होते, तर दुसरी निरोगी वार्धक्यात बऱ्याच अंशी टिकून राहते. गोळी विसरणारी आणि नदी ओळखणारी आजी इथे प्रथम नीट समजते.

घडत असलेली घटना समजण्यात स्मृती काय करते, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला. १९७३ साली डॅरेन न्यूटसन यांनी प्रेक्षकांना चित्रफीत दाखवून, एक कृती संपून दुसरी सुरू झाली असे वाटताच बटण दाबायला सांगितले. जेफ्री झॅक्स आणि सहकाऱ्यांनी २००७ साली त्याला सिद्धांताचे रूप दिले : मन पुढे काय होणार याचा सतत अंदाज बांधते आणि तो चुकला की तिथे घटनेची सीमा आखते. वृद्धांनी आखलेल्या सीमा इतरांशी कमी जुळतात असे काही अभ्यासांत आढळले. मात्र ओळखीच्या कामांचे ज्ञान त्यांच्या मदतीला येते.

या मदतीला मर्यादा आहे, हे अ‍ॅलन कॅस्टेल यांच्या २००५ मधील प्रयोगातून कळते. त्यांनी तरुणांना आणि वृद्धांना किराणा मालाच्या किमती लक्षात ठेवायला सांगितल्या. किंमत बाजारभावाला धरून असेल तेव्हा वृद्ध तरुणांच्या बरोबरीने राहिले, आणि ती अवास्तव असेल तेव्हा मागे पडले.

सांगलीने हीच मर्यादा पुरात सोसली. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते, आणि अनेक घरांत तीच शेवटची रेषा मानली गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. ‘तेव्हा इथवर आलं नव्हतं’ म्हणत घरात थांबलेल्या वृद्धांना नंतर हट्टी म्हटले गेले; मला ते अन्यायाचे वाटते, कारण ज्या स्मृतीने त्यांना चौदा वर्षे बरोबर सावध केले होते, तिच्यावरच ते विसंबले होते. आता आयर्विनचा आकडा कानावर पडला की हीच माणसे आधी विचारतात, ‘एकोणीसच्या मानानं किती खाली आहे?’