इंग्लंडमधील जुन्या मृत्युपत्रांच्या सूची

इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रोबेट मिळालेल्या मृत्युपत्रांच्या नावनिहाय याद्या. माणूस वारल्यावर त्याचे मृत्युपत्र न्यायालयापुढे ठेवायचे आणि ते खरे ठरले की मालमत्ता वाटण्याचा अधिकार एक्झिक्युटरला द्यायचा, ही प्रोबेटची रीत मुंबईकरांना उच्च न्यायालयामुळे परिचित आहे. मृत्युपत्र न करताच कोणी गेला, तर जवळच्या नातलगाला व्यवस्थापनपत्र, म्हणजे मालमत्ता वाटण्याचा तसाच अधिकार देणारा कागद, मिळे. त्याची नोंद कधी त्याच सूचीत, तर कधी वेगळ्या सूचीत केलेली असते. घराण्यांचा इतिहास शोधणारे आणि जुन्या काळच्या घरातल्या वस्तू, कर्जे, धंदे यांचा अभ्यास करणारे या कागदांकडे वळतात, ते सूचीच्या वाटेने.

११ जानेवारी १८५८ पर्यंत हे काम चर्चच्या न्यायालयांकडे होते. अशी न्यायालये दोनशेहून अधिक होती, आणि प्रत्येकाचे दप्तर वेगळे व सूचीही वेगळी. एकाच आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपाच्या हाताखालच्या चर्च अधिकाऱ्याच्या, हद्दीत सारी मालमत्ता असेल तर प्रकरण बहुधा त्याच्या न्यायालयात चाले, त्याहून पसरलेली असेल तर बिशपाच्या. मधूनमधून ‘पेक्युलियर’ म्हणवणारी छोटी स्वतंत्र हद्द असे, एखाद्या बेटासारखी. दोन बिशपांच्या हद्दीत पाच पौंडांहून अधिक किमतीचा ऐवज असला की प्रकरण आर्चबिशपाच्या प्रिरॉगेटिव्ह न्यायालयात जाई. उत्तरेसाठी यॉर्क, दक्षिणेसाठी कँटरबरी. म्हणून सूची उघडण्याआधी माणूस कोणत्या पॅरिशमध्ये, म्हणजे कोणत्या स्थानिक चर्चच्या हद्दीत, राहत होता आणि ते पॅरिश कोणाच्या हद्दीत होते, हे ठरवावे लागते. नाव सापडले नाही म्हणजे मृत्युपत्र झालेच नाही, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. बहुतेक वेळा चुकीच्या न्यायालयाची यादी चाळलेली असते. स्ट्रॅटफर्डचा शेक्सपियर २३ एप्रिल १६१६ रोजी वारला. त्याच्या मृत्युपत्राला २२ जूनला कँटरबरीच्या न्यायालयाने प्रोबेट दिले. तो वुस्टरच्या बिशपाच्या यादीत शोधला तर मिळणार नाही. १६५३ ते १६६० या राजाविना गेलेल्या काळात चर्चच्या न्यायालयांचा हा अधिकार काढून घेतलेला होता आणि साऱ्या देशासाठी एकच दिवाणी न्यायालय होते. त्यामुळे उत्तरेकडच्या साध्या शेतकऱ्याचे मृत्युपत्रही त्या वर्षांत कँटरबरीच्या दप्तराबरोबर सापडते. या दप्तरात १३८४ पासूनची दहा लाखांवर मृत्युपत्रे आहेत. ते लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे, तर यॉर्कचे यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक संस्थेत.

सूचीतले वर्ष सहसा प्रोबेटचे असते, मृत्यूचे नव्हे. वारसांत तंटा असला किंवा एक्झिक्युटर परगावी असला तर दोहोंत काही वर्षांचेही अंतर पडे. शिवाय १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. आपला शक गुढीपाडव्याला बदलतो, तसेच. तेव्हा ‘जानेवारी १६४०’ असे लिहिलेला कागद आजच्या हिशेबाने १६४१ चा. नावांच्या लेखनालाही स्थिर नियम नव्हता: कारकून कानावर पडेल तसे लिही. ‘आय’ आणि ‘जे’, ‘यू’ आणि ‘व्ही’ ही अक्षरे एकच धरली जात, आणि १७३३ पर्यंतच्या लॅटिन नोंदींत विल्यमचा ‘गुलिएल्मस’ झालेला असतो. पुष्कळ जुन्या याद्या आडनावाच्या फक्त पहिल्या अक्षराने लावलेल्या आहेत, पुढे काळानुसार. तिथे एक अक्षर पूर्ण वाचून काढण्याला पर्याय नाही.

सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. सूचीत नाव येते ते मृत्युपत्र करणाऱ्याचे. ज्या मुलीला दोन चादरी व पितळी भांडे मिळाले, ज्या नोकराचे थकलेले वेतन फेडले, त्यांची नावे आत दडलेली राहतात. विवाहित स्त्रीला १८८२ च्या कायद्यापूर्वी नवऱ्याच्या संमतीवाचून सहसा मृत्युपत्र करता येत नसे, म्हणून याद्यांत दिसतात त्या मुख्यतः विधवा आणि अविवाहित स्त्रिया. बाकीच्या स्त्रिया शोधायच्या तर वडिलांची, भावांची, नवऱ्यांची मृत्युपत्रे काढून वाचावी लागतात, आणि हे कष्ट घेण्याजोगे आहेत.

१२ जानेवारी १८५८ पासून प्रोबेट सरकारी न्यायालयाकडे आले आणि दरवर्षी देशभराची एकच छापील यादी निघू लागली. तिला नॅशनल प्रोबेट कॅलेंडर म्हणतात. सुरुवातीच्या वर्षांतली तिची नोंद हीच एक छोटी हकिकत असते: नाव, राहण्याचे ठिकाण, व्यवसाय, मृत्यूची तारीख व जागा, एक्झिक्युटर कोण आणि त्याचे नाते काय, ऐवज किती पौंडांच्या आत. १८७० पर्यंत व्यवस्थापनपत्रे वेगळी छापलेली आहेत, हे ठाऊक नसल्याने अनेकांचा शोध अर्ध्यावर थांबतो. ऐवजाच्या आकड्यावरून श्रीमंती मोजतानाही जपावे. १८९८ पूर्वी जमीनजुमला त्यात धरलेला नसे.

परदेशी वा समुद्रावर वारलेल्या, पण इंग्लंडमध्ये मालमत्ता असलेल्या माणसाचे प्रकरण १८५८ पूर्वी कँटरबरीच्या न्यायालयात जाई. जुन्या यादीत त्याच्यापुढे गावाऐवजी नुसते ‘पार्ट्स’ लिहिलेले असते, म्हणजे परमुलूख. ईस्ट इंडिया कंपनीचे जे नोकर मुंबईत किंवा सुरतेत वारले, त्यांच्यापैकी काहींचा माग असा लागतो. मुंबईत १७२६ च्या सनदेने स्थापन झालेल्या मेयर्स कोर्टालाही प्रोबेट देण्याचा अधिकार होता. कंपनीच्या मुलखातल्या मृत्युपत्रांच्या नकला आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तेव्हा अशा माणसाचा शोध दोन्ही ठिकाणी घ्यावा.

सूचीचे मोल कळते ते डेव्हन जिल्ह्यातल्या एक्सेटर शहरात. मे १९४२ मध्ये जर्मन विमानांनी या शहरावर बाँब टाकले आणि तिथले प्रोबेटचे दप्तर जळाले. डेव्हनची बहुतेक मृत्युपत्रे त्यात गेली. शेजारच्या सॉमरसेट जिल्ह्याचे दप्तरही तिथे हलवलेले होते, तेही गेले. मात्र ब्रिटिश रेकॉर्ड सोसायटीने विसाव्या शतकाच्या आरंभी डेव्हनच्या याद्या छापून ठेवल्या होत्या, आणि ऑलिव्ह मोगर या संशोधक बाईंनी युद्धापूर्वी अनेक मृत्युपत्रांचे हाताने सारांश उतरवले होते. १८१२ पासूनच्या काही मृत्युपत्रांच्या नकला कर खात्याकडे गेल्या होत्या, त्या पुढे जिल्ह्याच्या दप्तरखान्यांना मिळाल्या. त्याआधीच्या हजारो माणसांच्या मृत्युपत्रांबद्दल मात्र आज छापील यादीतली एकच ओळ हाती आहे: नाव, पॅरिश, वर्ष.