अधश्चेतक–पोष ग्रंथी–अंडाशय अक्ष

मासिक पाळीचे चक्र अंडाशयात घडते, पण त्याची सूत्रे मेंदूच्या तळाशी असतात. अधश्चेतक म्हणजे हायपोथॅलॅमस, त्याखालची वाटाण्याएवढी पोष ग्रंथी आणि अंडाशय यांच्यातील संप्रेरकांच्या देवाणघेवाणीला हा अक्ष म्हणतात.

अधश्चेतकातील जेमतेम हजार-दोन हजार चेतापेशी जीएनआरएच हे संप्रेरक तयार करतात. या पेशी गर्भावस्थेत नाकाच्या भागात जन्मतात आणि तेथून मेंदूत स्थलांतर करतात. हा प्रवास अडला तर वयात येणे रखडते आणि वासही येत नाही. यालाच कॉलमन संलक्षण म्हणतात. अवघ्या 10 अमिनो आम्लांचे जीएनआरएच रक्तात काही मिनिटांतच विघटित होते. मात्र बारीक रक्तवाहिन्यांच्या खास जाळ्यातून ते थेट पोष ग्रंथीत उतरते. तेथून एफएसएच व एलएच ही संप्रेरके सुटतात: पहिले अंडाशयातील पुटके, म्हणजे अंडे धारण करणाऱ्या बारीक पिशव्या, वाढवते, दुसरे पक्व पुटक फोडून अंडे मोकळे करते.

सगळी गोम आहे ती जीएनआरएचच्या ठोक्यांत. ते संथ धारेने नव्हे, थांबूनथांबून सुटते. अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने 1970च्या दशकात ऱ्हीसस माकडांवर दाखवले, की तासाला एक ठोका दिला तर पोष ग्रंथी नीट चालते. तेच संप्रेरक अखंड दिले तर ती गप्प होते. जास्त देऊन कमी करण्याचा हा उफराटा उपाय आज अकाली वयात येणे आणि एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) यांवर वापरतात.

अंडाशयही उलट निरोप पाठवते. इस्ट्रोजेन एरवी मेंदूला आवर घालते. मात्र त्याची वाढलेली पातळी साधारण दोन दिवस टिकली, की त्याचा परिणाम पालटतो आणि एलएचची लाट उसळते. लाट सुरू झाल्यावर सुमारे 36 तासांनी अंडे बाहेर पडते. गंमत अशी, की जीएनआरएच पेशींना हे इस्ट्रोजेन थेट ‘कळत’ नाही. ते टिपून पुढे पोचवतात त्या किसपेप्टिन हा निरोप्या रेणू बनवणाऱ्या चेतापेशी. किसपेप्टिनचा ग्राहक, म्हणजे त्याला ओळखणारे पेशीवरील प्रथिन, निकामी असल्यास वयात येणेच घडत नाही, हे 2003मध्ये उघड झाले. अंडे सुटल्यावर पीतपिंडातील, म्हणजे फुटलेल्या पुटकाच्या उरलेल्या भागातील, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक जीएनआरएचचे ठोके मंदावते.

उपासमार, अतिव्यायाम, तीव्र ताण किंवा स्तनपान यांमुळेही ठोके विरळ होतात; मग अंडाशय धडधाकट असूनही पाळी थांबते. रजोनिवृत्तीत चित्र नेमके उलटे: अंडाशयाकडून उत्तर येत नाही आणि पोष ग्रंथी एफएसएच वाढवतच राहते.